ग्यानीजी, टपाल आणि तुझे ते अंतर्देशीय

पुणे,
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र मे महिन्यात आले आणि त्याला उत्तर आता ऑक्टोबरात जात आहे. याबद्दल तुला जे काही बोलायचे असेल ते मी मनातल्या मनात ऐकून घेतले आहे, तेव्हा ते पुन्हा लिहिण्यात शाई घालवू नकोस. प्रकृती ठीक आहे. साखर गोळीच्या धाकात आहे, गुडघा कोणाच्याच धाकात नाही.

लिहायला बसलो आहे तो माजी राष्ट्रपती ग्यानी झैलसिंगांमुळे. हसू नकोस, किंवा हसून घे आणि मग पुढे वाच.

निवृत्तीनंतर मी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत दर शनिवारी राज्यघटना शिकवायला जातो, हे तुला ठाऊक आहे. स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या लेखी झैलसिंग म्हणजे एका गुणाचा प्रश्न. पॉकेट व्हेटो, म्हणजे विधेयकावर काहीच निर्णय न घेता ते पडू देण्याचा अधिकार, कोणी वापरला? झैलसिंग. कोणत्या विधेयकावर? सरकारला लोकांची पत्रे अडवू देणारे भारतीय टपाल (दुरुस्ती) विधेयक, १९८६. पेप्सू (पंजाबातले एक जुने राज्य), टपाल, खासदारांचे पगार अशी व्हेटोंची तिपेडी माळ मुलांनी पाठ केलेली असते. मागल्या शनिवारी मी माझा ठेवणीतला झाडूचा किस्सा सांगितला. आपल्या नेत्या इंदिरा गांधी सांगतील तर झाडूही हाती घेईन, अशा अर्थाचे ते १९८२ सालचे उद्गार. मुले दरवर्षीप्रमाणे हसली. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, झाडू मारायला तयार असलेल्या माणसाने मग सही का नाही केली?" मी क्षणाचाही विलंब न लावता "डूख" असे एका शब्दात उत्तर दिले. पुन्हा हशा झाला आणि तिने तो शब्द वहीत उतरवून घेतला. तो हशा मी विसरलो असतो, पण तिने शब्द लिहून घेतला हे मला ओंकारेश्वराच्या पुलापर्यंत बोचत राहिले, आणि तिथे उभ्या उभ्या मला तू आठवलास.

माझे उत्तर चूक होते असेही नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी ग्यानीजी येमेनमध्ये होते. इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी कळताच परतले, रुग्णालयाकडे जाताना त्यांच्याच मोटारींवर दगड पडले, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी राजीव गांधींना पंतप्रधानपदाची शपथ दिली. ज्यांना आपण रबरी शिक्का म्हणत होतो, त्यांनी त्या दिवशी आपल्या अखत्यारीत केवढा निर्णय घेतला, हे मी तीस वर्षे शिकवताना कधी ठासून सांगितले नाही. पुढे त्याच पंतप्रधानांनी राष्ट्रपती भवनाची वाट सोडली. कारभाराची माहिती राष्ट्रपतींना देणे हे अनुच्छेद ७८ नुसार पंतप्रधानांचे कर्तव्य आहे, आणि ते पाळले जात नाही अशी तक्रार करणारे ग्यानीजींचे पत्र मार्च १९८७ मध्ये वर्तमानपत्रातच छापून आले. अशा वातावरणात ते विधेयक दोन्ही सभागृहांची मोहोर घेऊन त्यांच्या टेबलावर आले होते. लोकसभेत सत्ताधाऱ्यांचे चारशेहून अधिक खासदार असताना त्याला कोण अडवणार होते? ग्यानीजींनी ते परत पाठवले नाही, नाकारले नाही आणि त्यावर सहीही केली नाही. अनुच्छेद १११ मध्ये राष्ट्रपतींनी किती दिवसांत निर्णय घ्यावा याची मुदत नाही. ती फट त्यांनी नेमकी हेरली आणि जुलै १९८७ मध्ये पायउतार होईपर्यंत कागद तसाच पडू दिला. त्यांच्यानंतरचे राष्ट्रपती वेंकटरामन यांनी १९९० मध्ये तो फेरविचारासाठी परत धाडला, आणि २००२ मध्ये विधेयक मागे घेण्यात आले. डूख तर होताच. पण तुझे माझे भांडण डूख होता की नव्हता यावर कधी नव्हतेच.

गुडलकमध्ये तू म्हणाला होतास, "कुलूप कोणी रागाने लावले तरी दार बंदच राहते ना?" त्यावर मी तुझ्या मराठवाडी तर्कशास्त्राची यथेच्छ टिंगल केली, आणि तू बनमस्क्याचे पैसे न देता उठून गेलास. ते पैसे अजून तुझ्याकडे निघतात. त्याच्या आधी स्नेहसंमेलनात मी मालकीणबाईंच्या टेबलावरचा कपडा डोक्याला गुंडाळून, झैलसिंगांची नक्कल करत "सही कुठे करू, मॅडम?" म्हणत रंगमंचभर फिरलो होतो, आणि सगळे सभागृह लोळत असताना तू एकटा बाहेर जाऊन उभा राहिला होतास. मला वाटले, नांदेडचा आहे, गुरुद्वाऱ्यामागच्या गल्लीत वाढला आहे, तेव्हा याला पगडीची चेष्टा झोंबली असेल. त्या पलीकडे विचार करण्याची माझी तेव्हा इच्छा नव्हती.

आता तुला जे सांगायचे आहे ते सांगतो. १० ऑगस्ट १९८६ चा तो रविवार आठव. निवृत्तीनंतर पुण्यात येऊन राहिलेल्या जनरल अरुणकुमार वैद्यांना कॅम्पात, स्वतः मोटार चालवत घरी जात असताना, गोळ्या घातल्या. ऑपरेशन ब्लू स्टारच्या, म्हणजे सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईच्या, वेळी ते लष्करप्रमुख होते, म्हणून. आपले पेन्शनरांचे, सायकलींचे पुणे त्या दिवसापुरते तरी दुसरेच काही झाले होते. पुढे टपाल विधेयकाची चर्चा सुरू झाली तेव्हा मी आपल्या दोघांच्या खोलीत मोठ्या आवाजात सांगत असे की अशा लोकांची पत्रे फोडलीच पाहिजेत. जुन्या १८९८ च्या कायद्यातही पत्र अडवण्याची तरतूद होती. पण नव्या विधेयकात कारणांची यादी लांबवली होती, आणि ती जितकी लांब तितके बरे असे मला वाटे. तू विचारायचास, "अशा लोकांची म्हणजे कोणाची? पाकिटावरून कसे ओळखणार?"

मी ओळखले होते, दत्ता. त्याच ऑगस्टच्या अखेरीस तुझ्या नावाचे एक अंतर्देशीय आले. तू गावी गेला होतास. मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचे नाव होते आणि त्या नावापुढे सिंग होते. ते मी चहाच्या भांड्याच्या वाफेवर धरून उघडले. पत्र मराठीत होते, आणि हस्ताक्षर तुझ्याहून पुष्कळ बरे होते. बहिणीचे लग्न पुढे ढकलले आहे, कारण पाहुण्यांना प्रवासाची भीती वाटते; तुझ्या आईने पाठवलेले लोणचे पोहोचले; आणि तू पुण्यात सांभाळून राहा. हे शेवटचे वाक्य मी दोनदा वाचले, कारण पहिल्यांदा त्यात मला काहीतरी धमकी दिसली होती. मग खळ लावून ते पुन्हा चिकटवले आणि तुझ्या उशीवर ठेवले. तू आलास, वाचलेस, आणि काहीच बोलला नाहीस. तुझ्या लक्षात आले होते की नाही, हे एकोणचाळीस वर्षांत विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

तेव्हा हे विधेयक ज्या माणसाच्या हाती पडणार होते तो माणूस मी होतो. माझ्याकडे अधिकार नव्हता, लेखी आदेश नव्हता, होते फक्त एक आडनाव आणि गरम पाण्याचे भांडे. झैलसिंगांवर हसताना मी चाळीस वर्षे हे सोयीस्करपणे बाजूला ठेवले.

पण म्हणून मी त्यांना एकदम देव्हाऱ्यात बसवणार नाही, आणि तूही बसवू नकोस. फरीदकोटच्या राजाने प्रजामंडळाच्या चळवळीसाठी त्यांना पाच वर्षे तुरुंगात ठेवले होते, जेलवरूनच जर्नेलचे झैल झाले असे सांगतात. तेव्हा बंदिवानाच्या पत्राचे मोल त्यांना कळत असणार, असे लिहिण्याचा मोह मला काल रात्री झाला. पण हेच गृहस्थ १९८० ते ८२ देशाचे गृहमंत्री होते, आणि लोकांची पत्रे वाचणारे खाते काय असते हे त्यांना आतून ठाऊक होते. अकाली दलाला शह देण्यासाठी जहाल शीख नेते भिंद्रनवाले यांना बळ दिल्याचा आरोप त्यांच्यावर आजही आहे. राष्ट्रपतिपदासाठी त्यांच्यासमोर उभे होते न्यायमूर्ती हंसराज खन्ना, ज्यांनी आणीबाणीत हेबियस कॉर्पसच्या, म्हणजे बेकायदा अटकेविरुद्ध दाद मागण्याच्या हक्काच्या, खटल्यात एकट्याने भिन्न मत नोंदवले. १९८२ मध्ये संसदेने आणि विधानसभांनी खन्नांना नाकारून झैलसिंगांना निवडले, याचे मला आजही वाईट वाटते. आणि १९८४? ब्लू स्टारची आपल्याला पूर्वकल्पना नव्हती असे तेच म्हणाले. सैन्यदलांचे सर्वोच्च सेनापती, आणि त्यांना पत्ता नाही! अकाल तख्ताच्या जथेदारांनी त्यांना तनखैया, म्हणजे धर्माचे दोषी, ठरवले. नोव्हेंबरच्या त्या दिवसांत शीखविरोधी हिंसाचारात एकट्या दिल्लीत सरकारी आकड्यानुसार २७३३ माणसे मारली गेली, लोक राष्ट्रपती भवनाकडे मदत मागत राहिले, आणि तिथला रहिवासी स्वतः शीख असून हतबल राहिला.

इथे माझी गाडी अडते. टपालाच्या कागदावर ज्यांना सहा-सात महिने गप्प बसण्याचा मार्ग सापडला, त्यांना नोव्हेंबरात ओरडण्याचा मार्ग का सापडला नाही? घटनेत त्याची सोय नव्हती, हे उत्तर वर्गात चालते. राजीनाम्याची सोय होती. तू यावर म्हणशील की त्या आठवड्यात शीख राष्ट्रपतीचा राजीनामा म्हणजे जळत्या घरात रॉकेल. असेल. मला माहीत आहे की तुझे नांदेडचे शेजारी ग्यानीजींना अजून माफ करत नाहीत, आणि तू मात्र टपालाच्या बाबतीत त्यांची बाजू घेतोस. हे दोन्ही तू एका डोक्यात कसे ठेवतोस, ते मला शिकायचे आहे. माझ्या हातात आल्याबरोबर एक पारडे दुसऱ्याला खाऊन टाकते.

पुढचा भाग तुला अधिक कडू लागेल. नवा टपाल कायदा डिसेंबर २०२३ मध्ये झाला आणि १८ जून २०२४ पासून लागू आहे. त्याचे कलम ९ काढून वाच. राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता, आणि वर हा किंवा अन्य कोणताही कायदा मोडला म्हणून. यांपैकी कोणत्याही कारणाने टपालातील वस्तू अडवता, उघडता किंवा रोखून ठेवता येते. १९८६ मध्ये ज्यावरून संपादकीये लिहिली गेली, गुडलकमध्ये टेबले हादरली, त्यावर राष्ट्रपतींची मान्यता आता काही दिवसांतच मिळाली, आणि मी, राज्यशास्त्राचा प्राध्यापक, हे सहा महिन्यांनी वाचले. आता पत्र लिहितेच कोण, असे आमचे चिरंजीव म्हणतात. मी परवा सिटी पोस्टात गेलो तेव्हा खिडकीवर कळले की १ ऑक्टोबरपासून रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झाले. ज्या घराचे कुलूप त्या गृहस्थाने रागाने का होईना लावले होते, ते घरच आता रिकामे होत चालले आहे.

त्या मुलीला येत्या शनिवारी मी काय सांगू? "डूख" खोडून काय लिहायला सांगू? पर्यायी प्रश्नाला चौथा पर्याय "वरील सर्व" असतो. पण तो खरा असला तरी लाजिरवाणा वाटतो.

तुझ्या मुलीच्या बदलीचे काय झाले? नातवाचे बारसे चुकले, वहिनींची माफी मागतो. मोतीबिंदूचे आता लांबणीवर टाकू नकोस. फराळाचा डबा वेगळा पाठवत आहे, त्यात चकल्या हिच्या आहेत आणि कडबोळी विकतची, असे सांगण्याची मला ताकीद आहे.

हे पत्र मी अंतर्देशीयावर लिहिणार होतो, पण मावले नाही. पाकीट नीट डिंकाने चिकटवले आहे. ते हाती पडेल तेव्हा कडा बघ, आणि त्या ऑगस्टात तुझ्या लक्षात आले होते का, एवढे मला कळव. फोन करू नकोस, लिहूनच कळव.

तुझा,
विनू