आधी पोलीस, मग बिशप

चि. अनिता,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर विचारलंस, "होस्टेलमधल्या एखाद्या पोरीने फादरबद्दल काही सांगितलं तर आधी सिस्टर सुपिरियरला सांगू की बिशपना?" आई शेजारीच होती, म्हणून मी विषय टाळला.

आधी पोलिसांना. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, म्हणजे पॉक्सो २०१२, त्याचं कलम १९ हेच सांगतं. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत. सिस्टरच्या कानावर घातलं म्हणजे तू सुटलीस, असं नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये फादर-सिस्टरांना तक्रार कळवणं बंधनकारक केलं खरं, पण ते चर्चमधल्या वरिष्ठांना.

वरिष्ठांना कळवून काय होतं ते बॉस्टनमध्ये दिसलं. जॉन गेगन या फादरच्या तक्रारी वर्षानुवर्षं वर जात होत्या आणि वरून त्याची फक्त बदली व्हायची. नवी पॅरिश, म्हणजे नव्या भागातलं चर्च, आणि नवी पोरं. २००२ मध्ये बॉस्टन ग्लोब या वर्तमानपत्राने हे छापलं. डिसेंबरात तिथले आर्चबिशप कार्डिनल लॉ यांनी राजीनामा दिला, आणि पुढे त्यांना रोममधल्या एका मोठ्या चर्चच्या, बॅसिलिकाच्या, प्रमुखपदाचा मान मिळाला! मला हे अजून पचत नाही.

आपल्याकडे फादर दिसले की नागपूरच्या सदर भागातल्या कॅथेड्रलबाहेर म्हातारी माणसंही हात जोडतात. त्यांच्याविरुद्ध आठवीतली पोर बोलली तर पहिली चापट तिला घरातच बसते.

कुणी म्हणेल, जालंधरचे तेव्हाचे बिशप फ्रँको एका सिस्टरवरच्या बलात्काराच्या आरोपातून २०२२ मध्ये निर्दोष सुटलेच ना? सुटले. कोर्टातच ठरलं, मला एवढंच हवंय. पण २०१८ मध्ये त्यांना अटक होण्याआधी तक्रारदार सिस्टरच्या सोबतिणींना कोचीत रस्त्यावर बसावं लागलं होतं.

"नुसता कपड्यांवरून हात लावला" हेही ऐकून घेऊ नकोस. इथल्या सिव्हिल लाइन्सच्या हायकोर्टाच्या खंडपीठाने २०२१ च्या जानेवारीत, कपड्यांवरून हात लावला तर तो पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला नाही, असा निकाल दिला होता, सुप्रीम कोर्टाने तो नोव्हेंबरात रद्द केला.

पोरीला खोदून खोदून विचारू नकोस. ती बोलेल ते तिच्याच शब्दांत, तारीख टाकून लिहून ठेव. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेता येतो, पोलीस गणवेशात नसावेत आणि रात्री तिला ठाण्यात ठेवता येत नाही, हे तिच्या आईबापांना आधी सांग. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनचा कागद ऑफिसात नको, मुलींच्या जिन्यापाशी लाव.

सिस्टर रागावल्या तर रागावू दे. नोकरीवर आलं तर सरळ नागपूरला ये. इतकी वर्षं वकिलांकडे कारकुनी केली आहे, तुझा अर्ज मीच लिहीन.

तुझे
बाबा