बरोबरीच्या माणसाचं यश

मा. संपादक,
दिवाळी अंक येऊ लागले की लिहिणाऱ्यांची घालमेल सुरू होते. मी सेलूत राहून कथा लिहिते. माझ्यासोबत लिहायला लागलेल्या मैत्रिणीची कथा यंदा पुण्याच्या एका अंकात आली. माझी 'साभार परत' आली. अनुक्रमणिकेत तिचं नाव पाहून पोटात तुटलं. 2016 साली आपल्या परभणी जिल्ह्यातल्या आसाराम लोमटे यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा मला आनंदच झाला होता, मत्सर शिवलाही नव्हता. टोचतं ते बरोबरीच्या माणसाचं यश.

रात्री पेन घेऊन तिची कथा वाचली. कापूस वेचणाऱ्या बायांचं बोलणं तिनं जसं उतरवलंय, तसं मला अजून जमत नाही. माझी माणसं पुस्तकी बोलतात. हे दिसलं आणि जळफळाट बराच ओसरला, कारण हाताला काम मिळालं. तिला फोन करून कोणता प्रसंग आवडला, का आवडला, ते सांगितलं. व्हॉट्सअॅपवर नुसतं 'अभिनंदन' टाकून हे साधत नाही.

पण सगळा दोष मनाचा नाही. तालुक्याच्या गावात छापून आलेल्या कथेवर कुणी बोलतच नाही, मग नाव छापून येणं हेच सर्वस्व होतं. म्हणून विनंती, रविवारच्या पुरवणीत इथल्या लेखकांनी एकमेकांच्या नव्या लेखनावर लिहावं असं छोटं सदर सुरू करा. पहिलं टिपण मी मैत्रिणीच्या याच कथेवर लिहून पाठवते.

– एक कथालेखिका, सेलू (जि. परभणी)