दादा, रात्रीच्या त्या गोळीसाठी थँक्यू

दादा, समोर काही बोलायला गेलं की तुम्ही "राहू दे ओ ताई" म्हणून विषय बदलता, म्हणून इथं लिहितेय.

आमच्या बारक्याला बायपोलर, म्हणजे मन कधी एकदम उसळतं तर कधी पार खचतं तो आजार, आणि त्यात दारू. दारू सोडवणाऱ्या सेंटरवाल्यांनी आत घेतल्या घेतल्या गोळ्या बंद केल्या, म्हणे इथं कुठलीच गोळी चालत नाही, गोळी म्हणजे पण व्यसनच. अहो त्याची बायपोलरची गोळी म्हणजे लिथियम, त्यानं नशा होत नाही की त्याची चटक लागत नाही, उलट अचानक तोडलं तर आजार उसळून येतो, एवढं पण माहीत नसावं? पैसे मात्र ॲडव्हान्स. दुसरीकडं नेलं तर आधी दारू सोडवून आणा मग बघू. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू-ड्रग्समुळं होणारे मानसिक त्रास आजारातच धरलेत, हाफवे होमचं, म्हणजे दवाखाना आणि घर याच्या मधल्या काळात राहायच्या जागेचं पण लिहिलंय, तरी पेशंटला इकडून तिकडं टोलवणं चालूच. आई पार खचली होती.

मग मिरजेच्या डॉक्टरांनी विश्रामबागेतलं तुमचं हाफवे होम सुचवलं. तिथले नियम, फॉर्म, फी याचं लिहीत बसत नाही. मला सांगायचंय ते त्या गोळीचं.

बारका चारचौघांत गोळी घ्यायला लाजायचा, बाथरूममध्ये जाऊन घ्यायचा, कधी बेसिनमध्ये सोडून द्यायचा. तुमच्या लक्षात आलं होतं, पण लेक्चर दिलं नाही. जेवण झालं की तुमची बीपीची गोळी काढून ताटाशेजारी ठेवायची आणि म्हणायचं, "चल रे, आपापली घेऊया." एकाच तांब्यातलं पाणी दोघांना. मी एकदा जेवायच्या वेळेला आले होते तेव्हा बघितलं, बाकीची पोरं पण आपापल्या स्ट्रिप घेऊन तुमच्याजवळ सरकली होती, कुणाला काही लपवायचं नव्हतं. मला तिथं रडूच आलं ओ. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं तर रक्तात लिथियम वाढतं म्हणून त्याची बाटली भरलेली आहे का बघणं, रक्त तपासायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवणं, हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मोठमोठे बोर्ड लावलेले लोक आमच्याशी उभ्या उभ्या बोलले. तुम्ही आईला आधी खुर्ची दिलीत, चहा दिलात, मग विचारलंत काय झालंय. अशी माणसं सांगलीत आहेत हे लोकांना कळायला पाहिजे.

आता तो मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याकडं हिशोबाला जातो आणि संध्याकाळी तुमच्याकडंच परत येतो, घरी आणायची घाई आम्ही करत नाही. दसऱ्याला मात्र आई म्हणते सगळ्या पोरांना घेऊन जेवायला यायचं, पुरणपोळ्या करणार आहे, आणि तुमचं ते "राहू दे" ती ऐकणार नाही.