कंपन्यांना दीड वर्ष सवलत, माहिती अधिकाराला मात्र त्याच दिवशी कुलूप

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डेटा संरक्षण कायद्यावर गेले काही महिने जे छापून येतंय ते बहुतेक सगळं आयटीवाल्यांच्या कामाचं आहे. ॲपने संमती कशी घ्यायची, डेटा फुटला तर कोणाला कळवायचं, दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो वगैरे. ठीक आहे, तेही हवंच. पण त्याच कायद्यात अगदी शेवटाकडे एक कलम ४४ (३) आहे, दोन-तीन ओळींचं, त्याने माहिती अधिकार कायद्याची पार वाट लावलीय आणि त्यावर तुमच्या पेपरात मला साधी चौकटसुद्धा दिसली नाही, म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, फक्त तारखा तेवढ्या राहू द्या, सगळी मेख तारखांतच आहे.

कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये पास झाला. नंतर दोन वर्षं नुसता पडून होता कारण नियमच नव्हते. नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये आणि कुठलं कलम कधी लागू होणार याचे टप्पे तेव्हाच ठरले. आता बघा, कंपन्यांवर जी बंधनं आहेत, म्हणजे माझी माहिती कशाला घेता ते सांगा, संमती घ्या, काम झालं की पुसून टाका, आणि माझे जे हक्क आहेत, की माझ्याबद्दल काय काय ठेवलंय ते दाखवा, चुकलं असेल ते दुरुस्त करा, हे सगळं अठरा महिन्यांनी. म्हणजे २०२७ चा मे महिना उजाडणार. कंपन्यांना सिस्टिम बदलायला वेळ लागतो असं कारण. लागत असेल बाबा. पण ४४ (३), ज्याचा फटका कंपनीला नाही, अर्ज घेऊन खिडकीवर उभ्या असलेल्या माणसाला बसतो, ते ताबडतोब लागू. त्याला एक दिवसाचीसुद्धा मुदत नाही.

हे कलम करतं काय? माहिती अधिकारात ८ (१) (जे) म्हणून तरतूद होती. तिचा अर्थ साधा होता. एखाद्याची खाजगी माहिती असेल, तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल किंवा ती दिल्याने उगाच कोणाच्या खाजगी आयुष्यात घुसखोरी होत असेल तर देऊ नका, पण व्यापक जनहित असेल तर द्या. आणि खाली एक सुंदर वाक्य होतं, जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कुठल्याही माणसाला नाकारता येणार नाही. हे सगळं काढून टाकलं. आता राहिलंय एवढंच की वैयक्तिक माहिती असेल तर द्यायची नाही. संपलं. आमदाराला जे मिळतं ते मलाही मिळालं पाहिजे, हे वाक्य कोणाला एवढं टोचत होतं हे कळायला हवं.

आता सरकारी कागदात वैयक्तिक नसतं काय ते सांगा? टेंडर घेतलेल्याचं नाव असतं, बिलावर सही करणाऱ्या इंजिनिअरचं नाव असतं, लाभार्थ्यांची यादी म्हणजे तर नुसती नावंच. मुंबईत कुलाब्याला आदर्श सोसायटीची ३१ मजली इमारत उभी राहिली, त्यात कोणाकोणाच्या नातेवाइकांना फ्लॅट मिळाले ती यादी बाहेर आली तेव्हा २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यात माहिती अधिकाराच्या अर्जांचा मोठा वाटा होता. आजच्या नियमाने ती सभासद यादी मागितली तर उत्तर काय येईल? वैयक्तिक माहिती.

आमच्याकडे त्याचा नमुना पाहायला मिळालाच. गल्लीतला रस्ता पहिल्या पावसात उखडला, म्हणून एका कार्यालयात अर्ज टाकला, ठेकेदाराला दिलेल्या बिलांच्या आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती द्या. आपल्याकडे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लिहायचा असतो, वर दहा रुपयाचं कोर्ट फी स्टॅम्प, तो सगळा सोपस्कार केला. उत्तर आलं की मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाही. आता रस्ता काय ठेकेदाराच्या घरातला आहे का? अपील केलंय, चालू आहे. पूर्वीसुद्धा नाकारायचेच म्हणा, पण तेव्हा जरा डोकं लावून कारण शोधावं लागायचं, आता रेडिमेड मिळालंय.

यातली आणखी एक गंमत, म्हणजे गंमत कसली. अर्ज करणाऱ्याचं नाव, पत्ता, मोबाईल हे सगळं त्या कार्यालयात टेबलावर असतं आणि संध्याकाळपर्यंत ते ज्याच्याबद्दल विचारलंय त्याच्यापर्यंत पोचतं, गावोगावचा अनुभव आहे. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनीचे व्यवहार माहिती अधिकारात बाहेर काढत होते, १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. ज्यांच्या वैयक्तिक माहितीला खरं संरक्षण पाहिजे त्यांच्यासाठी या कायद्यात मला काही सापडलं नाही.

आता कोणी म्हणेल यात कंपन्यांचा आणि राजकारणाचा काय संबंध. संबंध आहे आणि तो निवडणूक रोख्यांपासून बघावा लागतो, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन पक्षाला द्यायचे ते कागद, ज्यावर देणाऱ्याचं नावच नसायचं. २०१७ च्या वित्त कायद्यात, म्हणजे बजेटबरोबर, गुपचूप कंपनी कायदा बदलला. आधी कंपनीला तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच पक्षाला देणगी देता यायची, ती मर्यादा उडवली, म्हणजे तोट्यातली कंपनीसुद्धा कितीही देऊ शकत होती. कोणाला दिली ते नफा-तोटा पत्रकात लिहायची गरज राहिली नाही. आणि हे सगळं कशासाठी, तर देणगीदाराची गोपनीयता जपायला! सरकारी वकिलांनी सुप्रीम कोर्टात हेच सांगितलं. माझा नंबर बँक खात्यापासून ते सिमकार्डापर्यंत सगळीकडे, विधानसभेच्या वेळी उमेदवाराचा रेकॉर्डेड फोन येतो तो थेट माझं नाव घेऊन, त्याला माझी प्रभाग यादी कोणी दिली ते विचारायची सोय नाही, पण कोट्यवधी देणाऱ्या कंपनीची गोपनीयता मात्र जपायची.

आणि ती गोपनीयता तरी खरी होती का? २०१८ मध्येच एका पत्रकार बाईंनी हजार-हजाराचे रोखे विकत घेऊन लॅबमधून तपासून घेतले तर अल्ट्राव्हायोलेट उजेडात त्यावर छुपा नंबर निघाला, म्हणजे कोणाचा रोखा कुठल्या पक्षाकडे गेला याचा माग काढता येण्याजोगा. अर्थ मंत्रालयाने तेव्हा सांगितलं की तो नंबर सुरक्षेसाठी आहे, स्टेट बँक तो खरेदीदाराच्या किंवा पक्षाच्या नोंदीत लिहीत नाही. पुढे १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमताने रोख्यांची योजना घटनाबाह्य ठरवली आणि तपशील मागितले तेव्हा स्टेट बँक म्हणाली ३० जूनपर्यंत वेळ द्या, देणगीदारांची माहिती सीलबंद पाकिटांत मुंबईच्या मुख्य शाखेत आहे, पक्षांची वेगळी आहे, जुळवायला वेळ लागेल. ३० जून म्हणजे लोकसभा उरकून नवं सरकारसुद्धा बसलेलं. कोर्टाने ११ मार्चला अर्ज फेटाळला, एक दिवस दिला, आणि माहिती बरोबर एका दिवसात आली. मग कोर्टाने कान पिळल्यावर ते नंबरही आले, जे म्हणे नोंदलेच जात नव्हते. २१ मार्चला नंबर वेबसाइटवर पडले आणि लोकांनी त्याच रात्री लॅपटॉपवर बसून कोणी कोणाला किती दिले ते जुळवून दाखवलं. एवढी मोठी बँक ज्याला साडेतीन महिने मागत होती ते.

याद्यांत काय निघालं ते आता सगळ्यांना माहितीये. लॉटरीच्या धंद्यातली फ्युचर गेमिंग १,३६८ कोटी, हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग ९६६ कोटी. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं काम याच मेघाकडे आहे. यावरून काही सिद्ध होतं असं मी म्हणत नाही, टेंडर रीतसर भरलंही असेल. पण प्रश्न विचारायला आधी नाव माहीत असावं लागतं ना. आणि यानंतरचा कळस ऐका, एका निवृत्त नौदल अधिकाऱ्याने हीच माहिती, जी निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर उघडी पडली होती, स्टेट बँकेकडे माहिती अधिकारात मागितली तर बँकेने नाकारली, कारणांत एक कारण हेच आपलं ८ (१) (जे), वैयक्तिक माहिती. आणि तेव्हा तर जुनी, सौम्य तरतूद होती!

मी हे एका पक्षाच्या विरोधात लिहितोय असं कृपया कोणी समजू नये. रोख्यांत सगळ्यात जास्त वाटा भाजपचा हे खरंच, पण तृणमूल, काँग्रेस, बीआरएस, द्रमुक, आपली शिवसेना-राष्ट्रवादी, सगळ्यांनी घेतले. माकपने घेतले नाहीत आणि उलट कोर्टात गेले, हे त्यांचं मानावं लागेल. २०१४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने लंडनच्या वेदांता समूहाकडून घेतलेल्या देणग्यांबद्दल काँग्रेस आणि भाजप दोघांनाही परकीय देणगी कायदा मोडल्याचं ठरवलं होतं, तर २०१८ मध्ये कायदाच मागच्या तारखेने, थेट १९७६ पासून, बदलून टाकला, तोही बजेटच्या पोटात आणि लोकसभेत चर्चेशिवाय. केंद्रीय माहिती आयोगाने जून २०१३ मध्ये सहा राष्ट्रीय पक्षांना माहिती अधिकार लागू आहे असा आदेश दिला, सहाच्या सहा जणांनी तो धाब्यावर बसवला. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे इथे कसे एका ताटात जेवतात बघा. आता रोखे गेले तर पैसा इलेक्टोरल ट्रस्टमधून, म्हणजे कंपन्यांकडून देणग्या गोळा करून पक्षांना वाटणाऱ्या संस्थांमधून येतोय, ती योजना २०१३ ची, काँग्रेसच्या काळातली. ट्रस्टला कोणी दिले ते कळतं, ट्रस्टने पक्षाला किती दिले तेही कळतं, पण एकाच भांड्यात सगळ्यांचे पैसे ओतल्यावर कुठल्या कंपनीचा रुपया कुठल्या पक्षाला गेला ते कोण सांगणार?

सरकारचं म्हणणं असं की माहिती अधिकारातलं कलम ८ (२) शाबूत आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. देता येते, द्यावीच लागेल असं नाही. आधी जनहिताचा विचार नकार देण्याआधीच करावा लागायचा, आता जनहित काय आहे ते अर्जदाराने पटवून द्यायचं, तेही अपिलात, आणि अपिलं कशी वर्षानुवर्षं पडून असतात ते मी वेगळं सांगायला नको. तरी माझी अर्ज करणाऱ्यांना विनंती आहे की पहिल्या अर्जातच ८ (२) चा उल्लेख करा आणि जनहित काय ते एका वाक्यात लिहा, १५० शब्दांत बसवा कसंही करून. निदान अपिलात मुद्दा उभा राहतो.

खासगीपणा नको असं माझं म्हणणं नाहीच. २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी तो मूलभूत हक्क ठरवला तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. एखाद्या शिक्षिकेच्या आजारपणाचे कागद कोणी उगाच मागत असेल तर देऊच नयेत, जुन्या तरतुदीतही ते देता येत नव्हते. मग बदलायची गरज कोणाला होती? डेटा कायदा लोकसभेत ७ ऑगस्ट २०२३ ला आणि राज्यसभेत ९ ऑगस्टला आवाजी मतदानाने पास झाला, मणिपूरवरून गोंधळ चालू होता, राज्यसभेत विरोधक सभात्याग करून बाहेर होते. म्हणजे आपल्या खासदाराने होय म्हटलं की नाही, तेही कुठे नोंदलेलं नाही.

केंद्राचा कायदा २००५ चा, त्याच्या आधी महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा होता, अण्णांच्या उपोषणांतून आलेला. त्या राज्यातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार आहेत. तुमचा पेपर मोठा आहे, तुमचे वार्ताहर प्रत्येक जिल्ह्यात आहेत. तेवढ्या सदुसष्ट जणांना एकच प्रश्न विचारा की ८ (१) (जे) जसं होतं तसं परत आणायला तुम्ही तयार आहात का, आणि उत्तरं नावानिशी छापा. जे उत्तर देणार नाहीत त्यांची नावं वेगळ्या रकान्यात द्या.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज