ॲसिटोनच्या ड्रममध्ये भलताच माल आल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, विक्री विभाग

महोदय,

भोसरी एमआयडीसीत माझे फायबरग्लासचे छोटे वर्कशॉप आहे. तुमच्याकडून आलेल्या २०० लिटरच्या ड्रममधले 'ॲसिटोन' हे ॲसिटोन नाही, किंवा निव्वळ ॲसिटोन तरी नाही.

दुसरा थर चढवण्याआधी आम्ही पहिला थर ॲसिटोनने पुसतो. या मालाने पुसलेल्या पॅनेलवर थर धरलाच नाही, सोलून निघाला. ऐन गणपतीच्या देखाव्यांच्या घाईत ते काम भंगारात गेले. मग काचेवर थेंब टाकून पाहिला. ॲसिटोन ५६ अंशांना उकळते, बघता बघता उडून जाते. इथे तेलकट डाग राहिला. पाण्यात ओतले तर पांढरे गढूळ झाले आणि वर तवंग आला. ॲसिटोन पाण्यात कितीही मिसळले तरी नितळ राहते. हायड्रोमीटरवर घनता ०.८२ भरली, असायला हवी ०.७९.

तुमचे विक्री प्रतिनिधी म्हणाले, "पावसाळा आहे, ओल धरली असेल." अहो, पाण्याचा पाण्यावर तवंग येतो का?

पैशापेक्षा मोठी तक्रार लेबलची आहे. ड्रमवर जुन्या मालाचे लेबल अर्धवट खरवडलेले, बॅच नंबर नाही, सुरक्षा पत्रक नाही. ॲसिटोनचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो, उणे २० अंशांच्या आसपास. त्याची वाफ हवेपेक्षा जड, जमिनीलगत सरकत ग्राइंडरच्या ठिणगीपर्यंत जाते. ते धरून आम्ही खालून हवा ओढणारा पंखा, अर्थिंग, आग विझवायला अल्कोहोल-रेझिस्टंट फोम (पाण्यात मिसळणाऱ्या द्रवांवरही टिकणारा फेस) अशी तयारी ठेवली आहे. पोरांना हातमोजे ब्युटिल रबरचे दिले. ते ॲसिटोनला टिकतात, टोल्युइनला नाही. आत टोल्युइन आहे की रॉकेल, हे मला कोण सांगणार?

हा ड्रम तुमच्या गाडीने परत न्या. (तुमच्या ड्रायव्हरने "नाल्यात ओता" असा सल्ला दिला, तोही नोंदवून ठेवावा.) पूर्ण रक्कम आणि वाया गेलेल्या रेझिन-मॅटचा खर्च द्या, आणि या बॅचचा तपासणी अहवाल लेखी पाठवा. सीलबंद बाटलीत नमुना ठेवला आहे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास तो प्रयोगशाळेत देऊन ग्राहक आयोगाकडे जाईन.

सोबत : बिलाची प्रत, ड्रम व पॅनेलचे फोटो

आपला,
वर्कशॉप चालक, भोसरी, पुणे