मागणी नोंदवण्याआधी

चि. बापू यास अनेक आशीर्वाद.

तुझी सचखंड एक्सप्रेस एव्हाना इटारसीच्या पुढे गेली असेल. हे पत्र हाताने लिहीत आहे. चिंगी त्याचे फोटो काढून तुझ्या मोबाइलवर पाठवील. जळगाव स्टेशनवर तू म्हणालास, "आई, यंत्राचे मला कळते, तू यात नको पडूस," आणि मी गप्प राहिले, कारण चार लोकांसमोर फलाटावर वाद घालणे मला कधी जमले नाही. परंतु तू घाईत टेबलावर विसरलेले, पीक कापून तेथेच मळणाऱ्या कंबाइन हार्वेस्टरचे पत्रक मी घरी आल्यावर चष्मा लावून पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले. काही सोयींपुढे तू पेन्सिलीने बरोबरची खूण केली आहेस, काहींपुढे फुली मारली आहेस. बहुतेक सर्व मला पटले. एक फुली पटली नाही. कोणती ते तुला ठाऊक आहे. तिच्याविषयी शेवटी लिहीन, आधी बाकीचे.

नाभा, भादसों, मालेरकोटला हा पंजाबातला सगळा पट्टा कंबाइन हार्वेस्टर बनवणाऱ्यांचा आहे आणि तेथील विक्रेता तुला साहजिकच आपल्या मुलुखाला लागणारे यंत्र आधी दाखवील. त्यांच्याकडे भात निघाला की त्याच रानात गहू पेरायची घाई असते, म्हणून मागे पडणारे काड बारीक करून पसरवणारे सुपर एसएमएस त्यांना हवे असते. आपल्याकडे गव्हाचे काड असे उडवून दिलेस तर शेतमालक पैसे देताना कुरकुर करील, कारण त्या कुटारावर त्याची ढोरे उन्हाळा काढतात. तेव्हा त्यापुढची तुझी फुली योग्य आहे. चिखलात चालणाऱ्या चेनच्या यंत्राचेही तेच. ते नवापूरकडच्या भाताला शोभेल, आपल्याला नाही. मात्र चारही चाकांना ओढ असलेले यंत्र घेतोस हे बरे केलेस, कारण परतीचा पाऊस झाल्यावर तापीकाठच्या काळ्या रानात पुढच्या दोन चाकांच्या जोरावर कोणी निघालेले मी पाहिलेले नाही.

पीक कापणाऱ्या पुढच्या 14 फुटी कटर बारबद्दल मला थोडी शंका आहे. रान मोठे असेल तर तो चांगलाच, पण आपल्या शिवारातले रस्ते तू माझ्यापेक्षा जास्त तुडवले आहेस. बार सोडवून मागे ट्रॉलीवर ओढता येतो, असे पत्रकात आहे. ती ट्रॉली किमतीत धरली आहे की वेगळी, हे स्पष्ट विचार. आणि बार जोडताना-सोडवताना इंजिन बंद असावे... पण ते शेवटी लिहीन म्हटले आहे.

तू गेल्यावर मी मळणीची जुनी वही काढली. तुझे पप्पा थ्रेशर घेऊन गावोगाव हिंडत तेव्हा तास आणि पोती मीच टिपत असे. शाळेतून आल्यावर रात्री तेवढेच काम असायचे, आणि तू मांडीवर बसून पेन ओढायचास. त्या वहीत पहिली काही वर्षे दादर ज्वारी आणि गहूच आहे, मका नावाला. आता शिवार पाहिले तर खरिपात कापसाच्या खालोखाल मका आणि रब्बीत पुन्हा मका. दादरच्या शेतात तुला कोणी यंत्र घालू देणार नाही, कारण दादर लोक दाण्याइतकीच कडब्यासाठी पेरतात. म्हणजे यंत्र कामाला लागायचे ते गहू, हरभरा आणि मुख्यतः मका यांवर. म्हणून मक्याच्या वेगळ्या हेडरपुढे, म्हणजे यंत्राला पुढून जोडायच्या कापणीच्या तोंडापुढे, तू "पुढच्या वर्षी" लिहिले आहेस ते खोडून याच वर्षी घे, असे मला वाटते. नुसता गहू तर आपल्याकडे फाल्गुनात संपतो. मग पंजाबी चालकांसारखे पिकाच्या मागे मध्य प्रदेशात जावे लागेल आणि तुझा तो बेत मला मुळीच आवडत नाही. हेडर घेताना त्याच्या दोन ओळींतले अंतर मोजून घे. आपल्याकडे मका साधारण 60 सेंटिमीटरवर असतो, पण ठिबकवाल्यांची लागवड जोडओळीची असते. न जुळणारे हेडर निम्मी कणसे जमिनीवर पाडील.

आणि त्या हेडरचे रूळ ताट इतक्या वेगाने खाली ओढतात की अडकलेले ताट हातात धरणाऱ्याला ते सोडायलाही वेळ मिळत नाही. बघ, पुन्हा तेच आले.

हरभऱ्यासाठी मळणीच्या ड्रमचा वेग चालकाला कमी-जास्त करता यावा, ही सोय कितीही पैसे पडले तरी सोडू नकोस. गव्हाला ड्रम जोरात लागतो. हरभरा आणि सोयाबीन यांना त्याच्या जवळजवळ निम्म्यावर आणावा लागतो आणि ड्रम व खालची जाळी यांतले अंतर वाढवावे लागते, नाहीतर दाणा फुटून शेतातच डाळ होते आणि व्यापारी भाव पाडतो. हरभरा बुटका असला तर घाटे बारच्या खालीच राहून जातात. राहुरीच्या विद्यापीठाने यंत्राच्या काढणीसाठी म्हणून फुले विक्रम हे उंच वाढणारे वाण दिले आहे; गावात कोण ते पेरतो हे आतापासून विचारून ठेवले पाहिजे, ते मी विचारीन. एवढे मी लिहिते आहे आणि तू मनात म्हणत असशील की बाईंचा तास सुरू झाला. झाला खरा, क्षमा कर. ज्या मुलाने आठवीत असताना विहिरीवरचे इंजिन उघडून पुन्हा जसेच्या तसे बसवले, त्याला ड्रम शिकवण्याची मला गरज नाही. त्या दिवशी पप्पा बाहेरून रागावले होते आणि नंतर दुकानावर सगळ्यांना सांगत सुटले होते, हे तुला कोणी सांगितले नसेल.

वातानुकूलित केबिनवरची फुली मी समजू शकते, दीड-दोन महिन्यांच्या कामासाठी एवढा खर्च तुला चैन वाटते. परंतु आपल्याकडची उन्हे आणि गव्हाचा धुरळा यांत दिवसभर बसलेला माणूस रात्री अकरा वाजता नीट विचार करू शकत नाही. थकलेल्या माणसाला, कापलेले पीक आत ओढणारा फीडर तुंबला की एकच सुचते, खाली उतरायचे आणि हाताने ओढायचे.

तेव्हा लिहितेच. फीडर आणि हेडर बसल्या जागेवरून उलटे फिरवण्याची जी सोय आहे, तिच्यापुढे तू फुली मारून शेजारी "गरज नाही, हाताने निघते" असे लिहिले आहेस. बापू, ते वाचून मी पत्रक मिटून ठेवले आणि बराच वेळ पुन्हा उघडले नाही. मळणीच्या वहीत एक पान कोरे आहे. मोठ्या मामांनीही त्या रात्री ओली पेंढी हाताने निघते असेच म्हटले होते. थ्रेशरचे अपघात थांबावेत म्हणून सरकारने 1983 साली घातक यंत्रांचा कायदा केला. मामांचे त्यानंतरचे आहे. कायदा कागदावर होता आणि आपल्या थ्रेशरचे तोंड उघडेच होते. तुझी आजी त्यानंतर प्रत्येक मजुराला सांगायची, "भो, हात दोनच ऱ्हातस." इंजिन बंद केल्यावरही ड्रम स्वतःच्या वजनाने बराच वेळ फिरत राहतो, तेव्हा किल्ली खिशात घालूनही थोडे थांबावे लागते, हे तुला माहीत आहे, पण तू ठेवशील त्या चालकाला आणि त्याच्या हाताखालच्या पोराला ते माहीत असेल का? यंत्र रोज तूच चालवणार नाहीस. फिरते भाग झाकणारे पत्रे, धान्याच्या टाकीची पन्हळ बाहेर काढताना शेतातल्या लोंबत्या तारा दिसतील असे वरचे दिवे, आग विझवण्याचे नळकांडे, हे सगळे मागणीपत्रात लिहून घे. पैसे कमी पडत असतील तर माझ्या निवृत्तीच्या रकमेतून घे, चिंगीच्या लग्नाचे मी वेगळे ठेवले आहेत. मी घाबरट आहे असे समज हवे तर.

राहिला अनुदानाचा विषय. सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर अर्ज माझ्या नावाने आहे, कारण सातबाऱ्यावर माझे नाव आहे आणि महिला शेतकऱ्याला टक्केवारी जास्त मिळते. पूर्वसंमतीपत्र अजून आलेले नाही. त्याच्या आधीची तारीख बिलावर पडली तर अनुदान गेलेच समज, म्हणून तेथे फक्त दरपत्रक घे, बिल करू देऊ नकोस, मग तो कितीही सूट देवो. तुझा निवडलेला नमुना बुदनीसारख्या सरकारी केंद्रात तपासलेला आहे का, हे विचारून चाचणी अहवालाची प्रत माग. जादा सोयी लावल्या की नमुन्याचे नाव बदलते का, हेही विचार. अनुदानाच्या यादीत नाव तंतोतंत जुळावे लागते.

दरपत्रकावर सगळ्या जादा वस्तू एकेक करून, किमतीसह लिहून घे आणि टोकन देण्याआधी मला त्याचा फोटो पाठव. मी नाही म्हणणार नाही, फक्त ती एक ओळ त्यात आहे का ते पाहीन.

तुझी,
आई

ता. क. कटर बारची जादा पाती, रिव्हेट आणि मुख्य पट्ट्यांचा एक संच बरोबरच घेऊन ये. ऐन हंगामात अमळनेरच्या दुकानात त्या मापाची पट्टी मिळेलच असे नाही.