छत्री कोणी धरली?

महोदय,

मालिका संपली आणि नायक-नायिकेचे लग्न काही झाले नाही. आमच्या घरात दोन दिवस सुतक. मग कॉलेजात जाणाऱ्या माझ्या भाचीने स्वतःच गोष्ट लिहून ते जमवायला घेतले. याला फॅनफिक्शन म्हणतात, हेही तिच्याकडूनच कळले. तिने दोघांना आणून सोडले थेट रायबंदरच्या धक्क्यावर. समोर चोडणला निघालेली फेरीबोट, धो धो पाऊस, दोघांत एकच छत्री आणि मांडवी ओलांडेपर्यंत सांगून संपवायची दहा वर्षे.

फोंड्यात आम्ही काही बायका महिन्यातून एकदा वाचनासाठी जमतो, तिथे तिने ती गोष्ट वाचली. पात्रे उसनी म्हणून नाके मुरडली जातील, अशी मला धाकधूक होती. (उसनवारीचे म्हणाल तर महाभारतातल्या शकुंतलेकडे अंगठी नाही की दुर्वासांचा शाप नाही, ते कालिदासाचे.) पण वाचन संपले तरी कोणी चहाकडे वळेना. सत्तरीच्या एक काकी चष्मा पुसत म्हणाल्या, "त्याने तिचे दोन्ही हात धरले, मग छत्री कोणी धरली गो?" हशा पिकला. भाचीने त्याच रात्री ती जागा दुरुस्त केली. तेव्हापासून सकाळी पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजायच्या आत माझ्या फोनवर निरोप: पुढचा भाग कधी?

आपल्या रविवारच्या पुरवणीत अशा गोष्टींना एखादा कोपरा मिळेल का? छत्रीचा प्रश्न सुटलेला आहे.

– एक वाचक, फोंडा